खडू आणायचा राहिला

शेवंती,

त्या संध्याकाळी तू पॅसेजमध्ये पाटावर बसून ठिकरीचे चौकोन आखत होतीस. शिवणाचा चपटा निळा खडू, झिजून नखाएवढा झालेला. गुडघे वाकत नाहीत म्हणून पाटासकट सरकत होतीस. मी दारात खुर्ची टाकून बसलो होतो. आपली नात स्वरा एक पाय आधीच वर घेऊन उभी. ठिकरी म्हणून तू तिला कोटाचं मोठं बटण दिलं होतंस.

"उद्या खडू आणा," तू म्हणालीस. "हा संपला आता."

"मी नाय जाणार. त्या शिवणाच्या मटेरियलवाल्याकडे सगळ्या बायका. मला बघितलं की गप होतात."

"मग काय तुम्हाला बघून नाचायला पाहिजे?"

स्वरा खिदळली आणि तिचा तोल गेला. दोन्ही पाय धाडकन जमिनीवर. तू लगेच तिच्या तोंडाकडे बघितलंस. पायाकडे नाही, तोंडाकडे. नाक आक्रसलं का, ओठ दाबला का. काही नाही. पोरगी हसतच होती. मग तू माझ्याकडे वळून भुवई उडवलीस. तुझी रोजची सवय. आजचा दिवस माझा, हे न बोलता सांगायची. मी मान फिरवून मेट्रो बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू मशीनवरून उठलीस, जरा पडते म्हणालीस, आणि परत उठली नाहीस. हार्ट, डॉक्टर म्हणाले. त्यावर मला काही लिहायचं नाही. लोक बोलतात तेवढं पुरे. मला आपलं भांडण पुरं करायचं आहे. तू मधेच उठून गेलीस. भांडणातून तू कधी उठून गेली नव्हतीस.

तुला सगळं माहीत आहे, तरी मी पहिल्यापासून सांगणार. माझी खोड तुला ठाऊक आहे, मशीन उघडायचं तर वरच्या स्क्रूपासून.

काही महिन्यांपूर्वी स्वरा शाळेतून आली आणि बेंबीशी दुखतंय म्हणाली. तू म्हणालीस, वडापाव खाल्ला असेल. हिंग उगाळून बेंबीवर लावलंस. तिने उलटी काढली. तू म्हणालीस, बरं झालं, निघालं. दिवेलागणीला ती मोरीकडे जायला उठली आणि मी तिची चाल बघितली. उजव्या बाजूला वाकून, एक हात पोटाच्या खाली धरून, पाय न आपटता. मी जोरात ओरडलो. आपला महेश कामावरून येऊन बूट काढत होता, त्याला म्हटलं, काढू नको, रिक्षा बघ. सूनबाई म्हणाली, "बाबा, एवढं काय झालं?"

ती चाल मी आधी एकदा बघितली होती. माझा धाकटा भाऊ बाबल. तेव्हा स्वराएवढाच. तुझ्याजवळसुद्धा मी त्याचं नाव फार काढलं नाही. आईने त्याला एरंडेल पाजलं. शेजारची म्हातारी पोट चोळून गेली. मग तालुक्याला न्यायचा का, म्हणून गावदेव रवळनाथाला कौल लावला. देवाला ओले तांदूळ चिकटवायचे आणि विचारायचं. उजवीकडचा दाणा आधी पडला तर हो, डावीकडचा पडला तर नको. डावा पडला. आम्ही थांबलो. मग एका सकाळी बाबल म्हणाला, आता दुखत नाही. आईने देवाला नारळ ठेवला. संध्याकाळी तो गेला.

दुखत नाही म्हणाला, मग गेला कसा, हे मला म्हातारा होईपर्यंत कळलं नव्हतं. स्वराला नेलं त्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं. कधी कधी आत फुटलं की थोडा वेळ बरं वाटतं. ताण सुटतो ना. मग विष पसरतं. त्या सहज बोलून गेल्या. तू माझा हात धरलास तो तेव्हाच. चारचौघांत तू माझा हात कधी धरला होतास ते आठवत नाही.

सोनोग्राफीत अपेंडिक्स सुजलेलं निघालं. बाईंनी सलाईन लावलं, औषध सुरू केलं आणि आपल्याला बाहेर बोलावलं. बाई चांगली. आपल्याला कळेल असं बोलत होती. म्हणाली, "फुटलेलं नाही, आत खडा अडकलेला नाही, आणि लवकर आणलंत. म्हणून दोन रस्ते आहेत. एक, दुर्बिणीने ऑपरेशन. तीन छोटी भोकं, काढून टाकलं, विषय संपला. पण ऑपरेशन ते ऑपरेशन. भूल आली, टाके आले. दुसरा, नुसतं औषध. बऱ्याच मुलांचं त्याने उतरतं. पण काहींना पुढे परत होतं, मग काढावंच लागतं. दोन्ही बरोबर आहेत. तुम्ही ठरवा. सकाळपर्यंत विचार करा, तोवर औषध चालूच आहे. मधे बिघडलं तर मात्र मी कुणाला विचारणार नाही."

तुम्ही ठरवा! आपल्याला जन्मात कुठल्या डॉक्टरने असं विचारलं होतं? महेशच्या वेळी तुझं पोट फाडलं तेव्हा मला नुसता अंगठ्याएवढा कागद दाखवून सही घेतली होती.

मी म्हटलं, काढून टाका. मी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लोखंडी दोराची एक तार उसवलेली दिसली की दोर बदलायचा. आज चालतोय ना, उद्या बघू, असं म्हणणारा मेकॅनिक माणसं मारतो.

तू म्हणालीस, नाही. तू आयुष्यभर लोकांचे ब्लाउज शिवलेस. "उसवलं असेल तर शिवायचं," तू म्हणालीस. "कात्री शेवटी. एकदा कापलं की मागं येत नाही."

"ते कापड आहे, हे पोर आहे."

"मग तुमचा दोर काय आहे? तिचा मामा?"

महेश म्हणाला, हळू बोला, हॉस्पिटल आहे. मग तू मालवणीवर आलीस, म्हणजे मी समजलो, आता मस्करी संपली. "तुमका कापणा सोप्या वाटता. कापल्यानी माका. टाके पिकले ते माका. पोराक कुशीत घेवक गावला नाय ता माका." सूनबाईला मालवणी अर्धीच कळते, पण तेवढं तिला कळलं. ती तुझ्याकडे बघत राहिली.

आणि मग सकाळी मी काय केलं? गावी चुलतभावाला फोन लावला. म्हटलं, अंघोळ करून देवळात जा, गुरवाला उठव, रवळनाथाला विचार, ऑपरेशन करू का. तू शेजारच्या बाकावर बसली होतीस. म्हणालीस, "ज्या देवान तुमच्या भावाक थांबवल्यान, तेकाच परत इचारतास?"

मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाला विचारू? बाई म्हणते तुम्ही ठरवा."

तू गप्प झालीस. मला वाटलं हरलीस. कसली हरतेस! पदराआड तू तुझ्या माहेरी भाच्याला फोन लावला होतास. तिथल्या सातेरी देवीला विचार म्हणून. औषधावर ठेवू का.

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. भाऊ ओरडतच होता, "उजवो! उजवो पडलो!" मी सगळ्यांना ऐकवला. एवढ्यात तुझा वाजला. तुझा भाचा. "आते, उजवो दिल्यान!"

दोन देव, दोन्ही उजवे. महेशने कपाळ धरलं. "बाबा, देवपण तेच म्हणतायत जे डॉक्टर म्हणतायत. दोन्ही चालतं." आणि सूनबाई, कधी उलट न बोलणारी, ती उठली. "आई, बाबा, देव तुमचे तुम्ही वाटून घ्या. पोर माझी आहे. ताप उतरतोय, पोट मऊ झालंय. मी औषधावर ठेवते. बिघडलं तर ऑपरेशन. मी बाईंना सांगून येते." आणि गेली.

तू खूश झालीस. मी नाही झालो. तरी एक सांगतो, आपण दोघं एकदमच तिच्या पाठीकडे बघत राहिलो होतो. तू एवढंच म्हणालीस, "आपल्यावर गेलीय." ती आपल्यावर कशी काय जाईल? सून आहे. पण मी तेव्हा वाद घातला नाही.

स्वराचं उतरलं. तिने पाव मागितला तेव्हा नर्सलासुद्धा हसू आलं. घरी सोडताना बाईंनी बजावून सांगितलं. परत पोट दुखलं, उलटी झाली, ताप आला तर घरी काही करायचं नाही. चोळायचं नाही, शेकायचं नाही, काही पाजायचं नाही, सरळ इकडे. आणि पोर सुईच्या भीतीने खोटं बोलेल. तपासताना आम्ही उडी मारायला लावतो. उडी मारून टेकताना पोटात कळ आली तर चेहऱ्यावर दिसते.

मी ते ऐकलं आणि घाबरलो. तू ते ऐकलंस आणि घरी आल्यावर, तिला उड्या मारायची परवानगी मिळाल्या मिळाल्या, पॅसेजमध्ये चौकोन आखलेस.

तेव्हापासून रोज. शाळेतून आली, दूध प्यायली, की ठिकरी. तिला विचारायचं नाही, पोट दुखतंय का. नुसतं खेळवायचं आणि बघायचं. मी मात्र विचारायचो. दिवसातून किती वेळा विचारायचो मला माहीत नाही. ती म्हणायची, "नाही दुखत आजोबा." आणि ते दोन शब्द ऐकले की मी परत विचारायचो. बाबलपण हेच म्हणाला होता. माणूस दुखतंय म्हणाला तर निदान धावता येतं.

तुझ्याशी मी त्यावरून रोज भांडलो. आत ठेवलंय ना ते, मी म्हणायचो. उसवलेली तार आत ठेवून लिफ्ट चालवतोय आपण. तू सुईत दोरा ओवत ऐकायचीस. शेवटी एकदा म्हणालीस, "पुढच्या गणपतीपर्यंत थांबा. तोवर परत नाही झालं तर माझं खरं."

"आणि झालं तर?"

"झालं तर काढू. बाई आहे, हॉस्पिटल आहे, रिक्षा आहे. तुमच्या भावाच्या वेळचं काय आहे आता? तेव्हा तुम्ही म्हणा, बघ, सांगत होतो. मी ऐकून घेईन. मान खाली घालून ऐकेन. बस?"

बस, मी म्हटलं. ते वाक्य मी जपून ठेवलं होतं शेवंती. खोटं कशाला बोलू. बघ, सांगत होतो. एकदा तरी तुला म्हणायचं होतं. एवढ्या वर्षांत एकदाही म्हणायची पाळी आली नाही.

आणि गणपतीला अजून कितीतरी वेळ असताना तू गेलीस.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवला आणि आलाच. सगळे म्हणाले, भाग्यवान, इच्छा राहिली नव्हती काही. मी मनात म्हटलं, त्या कावळ्याला काय कळतं. इच्छा राहिली होती. बायको गणपतीची वाट बघत होती.

घर भरलं होतं. गावची माणसं, तुझ्या माहेरची, महेशची सासुरवाडी. दोन खोल्या आणि एक संडास. तुझ्या मशीनवर कुणाच्या बॅगा, कुणाची टोपी. ठिकरी बंद. सुतकात पोरीने उड्या मारायच्या? कुणी मारू दिल्या नसत्या, आणि माझ्याही लक्षात राहिलं नाही. ते मला अजून टोचतं. तू असतीस तर तुझ्या स्वतःच्या सुतकातसुद्धा आखली असतीस.

तेराव्याला वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर. पंगत बसली होती. मी सहज आत गेलो तर स्वरा तुझ्या मशीनखाली, पायडलवर डोकं टेकून, पोट धरून बसलेली.

"काय गं?"

"काही नाही."

"पोट दुखतंय?"

"नाही दुखत."

मी खाली वाकून तिच्या तोंडाकडे बघितलं. चष्मा लावूनही धड दिसेना, डोळ्यांत पाणी माझ्याच. मग बाहेर येऊन पंगतीत ओरडलो, महेश, रिक्षा. सगळ्यांचे हात ताटात थांबले. सूनबाई खीर वाढत होती. तिने पातेलं तिथेच खाली ठेवलं, काही विचारलं नाही. तुझ्या भावजयीने मात्र विचारलंच. "अवो, जरा पोट चोळून बघूया? नळ भरले असतील." मी तिला काय बोललो ते इथे लिहीत नाही. तुझ्या माहेरची आहे म्हणून थोडक्यात बोललो.

रिक्षात मागे महेश, ती सूनबाईच्या मांडीवर आणि मी पुढे ड्रायव्हरशेजारी, अर्धा बाहेर. प्रत्येक खड्ड्याला मागे वळून तिच्या तोंडाकडे बघत होतो. आणि ते वाक्य आलं तोंडात. बघ, सांगत होतो. आपोआप आलं, इतके महिने तयार होतं ना. पण कुणाला म्हणू? मान खाली घालून ऐकेन म्हणाली होतीस. कुठे आहे तुझी मान?

आणि तेव्हा मला कळलं, मला नको होतं ते वाक्य. मी रवळनाथाला सोडून तुझ्या सातेरीला हात जोडले. जन्मात पहिल्यांदा. म्हटलं, बाये, माझ्या बायकोचं खरं कर. मला खोटा पाड.

त्याच बाई होत्या. त्यांनी तुला शोधलं. "आजी नाही आल्या?" सूनबाईने सांगितलं. बाईंनी स्वराच्या डोक्यावर हात ठेवला, मग तिला म्हणाल्या, "चल, उडी मार बघू." ती मारेना. माझ्याकडे बघत राहिली. मग मारली, दोन्ही पायांनी. बाईंनी पोट दाबून बघितलं, रक्त तपासलं, परत सोनोग्राफी. तेवढा वेळ मी त्याच बाकावर बसलो जिथे आपले दोन देव भांडले होते. बाकाची तुझी बाजू मी रिकामी ठेवली. एकाने विचारलं, बसू का काका? मी म्हटलं, नाही.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांना हसू आवरत नव्हतं. "अपेंडिक्स शांत आहे. पोट भरलंय नुसतं. हिला किती दिवस शी झाली नाही?"

सूनबाईने स्वराकडे बघितलं. पोरगी लाजून लाल. शेवटी कानात बोलली. घरात एवढे पाहुणे, संडासाला कायम कुणीतरी, बाहेरून दार ठोकतात, आजी असती तर दाराशी उभी राहिली असती. म्हणून गेलीच नाही. आणि दुखतंय म्हणून सांगितलं नाही, कारण सगळे आजीसाठी रडत होते. त्यात आपलं काय सांगायचं.

महेश भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी हसलो की रडलो मला नक्की सांगता येणार नाही. तुझ्या तेराव्याला, शेवंती, तुझ्या नातीचं पोट साफ करून आणलं आम्ही. तू हसून हसून मशीनवर पडली असतीस.

बाई जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, आज नाही म्हणजे कधीच नाही, असं नाही. लक्ष ठेवा. आजींनी छान ठेवलं होतं." म्हणजे भांडण संपलं नाही. गणपती व्हायचाय. आणि गणपतीनंतरही ते तिच्या पोटात आहेच. आता राखण माझ्यावर. मला तुझ्यासारखं बघता येत नाही. मला विचारायची सवय, आणि विचारून मिळतं ते उत्तर मला पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे निघाले. मी शर्ट घातला आणि मटेरियलवाल्याचं शटर उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो. बायका आल्या. मला बघून गप झाल्या. पोऱ्याने विचारलं, "काय हवं काका?"

"शिवणाचा खडू. निळा."

"काकी नाही आल्या?"

"मी आलोय ना," मी म्हटलं.

पाटावर बसून आखलं. गुडघे माझेही वाकत नाहीत, पण सरकता येतं. पहिला चौकोन मोठा झाला, तिसरा वाकडा. स्वरा दार उघडून आली, शाळेचा युनिफॉर्म अर्धा घातलेला. बघितलं तिने.

"आजोबा, सकाळी?"

"संध्याकाळी परत. चल."

कोटाचं बटण तिच्या दप्तरातच होतं. तिने ते टाकलं, पाय उचलला, आणि थांबली.

"पायाकडे काय बघताय? आजी तोंडाकडे बघायची."

"तुला माहीत होतं?"

"मग काय! मी मुद्दाम दात काढायची. मग आजी म्हणायची, सरळ तोंड कर गं माकडा, मला बघू दे."

"मग सरळ कर," मी म्हटलं.

तिने तोंड सरळ केलं आणि उडी मारली. एका पायावर. पहिल्या घरात, दुसऱ्या घरात, वाकड्या तिसऱ्यात. मी तोंडावरून नजर हलवली नाही. मला काही विचारायचं नव्हतं. टोकाला जाऊन ती गिरकी घेऊन परत आली आणि माझ्यासमोर दोन्ही पायांनी धाडकन टेकली.

नाक आक्रसलं नाही. ओठ दाबला नाही.

आजचा दिवस तुझा.